तिका सांग

गेल्या मार्चमध्ये काकांनी जाहीर केलं की आपण परदेशी पाहुण्यांना खतखतं शिकवायचं. शिकवणार आई, इंग्रजीत सांगणार मी. आणि टोपात खतखतं शिजत असताना पाहुण्यांना भाटीच्या मांडवात बसवून निरो, हुर्राक आणि फेणी अशी तीन ग्लासांतून चव द्यायची, ती देणार स्वतः काका. सगळं ठरलं. मांद्र्याच्या एका गेस्टहाउसात कामाला असलेल्या माझ्या आतेभावाने पहिल्या चार माणसांचे पैसेसुद्धा घेतले. आईला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आई "बरं" म्हणाली. आईच्या "बरं"चा अर्थ आमच्या घरात फक्त मला आणि बाबांना कळतो, आणि बाबा अशा वेळी गोठ्याकडे निघून जातात.

पेडणे म्हटलं की कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींना हरमल, मोरजी, मांद्रे आठवतं, आणि आता मोपाचा विमानतळ. आमचं घर चांदेल-हसापूरच्या बाजूला, डोंगराला टेकून आहे. तिथून समुद्र दिसत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही. एप्रिलात येतो तो बोंडूंचा वास, आंबूस-गोड, कपड्यांना चिकटणारा. जानेवारी 2023 मध्ये मोपाहून विमानं उडायला लागली तेव्हा आजी अंगणात बसून ती मोजायची. अकरापर्यंत पोचली की चुकायची आणि विमानालाच शिव्या द्यायची. आता मोजत नाही.

आमच्याकडून थोडं पुढं गेलं की महाराष्ट्र. तिथंही हाच काजू, हेच बोंडू. पण तिथं आमच्यासारखी भाटी लावता येत नाही, म्हणून बी काढून घेतली की बोंडं बहुतेक झाडाखालीच कुजतात. आणि इथली बाटली परमिट नसताना पलीकडे नेली तर नाक्यावर गाडी अडवतात. काका म्हणतात, झाडाक खंय माहिती आसता हद्द खंयची ती.

भाटी परवान्याची आहे, परवाना काकांच्या नावावर. दर वर्षी अबकारी खात्याची पावणी होते, तिथं बोली लावून काजूचा भाग घ्यायचा. म्हणजे पैसे आधी, बोंडू नंतर. मध्ये ढगाळ हवा पडली आणि मोहोर जळाला तर पैसे गेले. बियांचा भाव तर आफ्रिकेतून येणाऱ्या काजूवर ठरतो असं काका म्हणतात. बोंडू मळायला माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी हुर्राकाच्या भावाला गाठते. मागची दोन वर्षं काकांच्या हाती जेमतेम मुद्दल आलं होतं. आतेभावाने सांगितलं, किनाऱ्यावर लोक नुसतं जेवण शिकायला आणि दारूची चव घ्यायला एवढे एवढे पैसे देतात. तो आकडा ऐकून काका रात्रभर झोपले नाहीत, असं काकी म्हणाली.

तर पहिल्यांदा खतखत्याविषयी. ज्यांच्या घरी होत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुरीची डाळ, आणि जेवढ्या भाज्या मिळतील तेवढ्या, पण आजीच्या हिशेबाने विषम. पाच, सात, नऊ. सुरण, कणगं, रताळं, लाल भोपळा, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, मक्याचं कणीस, कोवळा फणस. मार्च-एप्रिलात आम्ही ओले काजूगर पण घालतो. वाटणाला ओलं खोबरं, सुकी मिरची, हळद. कांदा नाही, लसूण नाही. शेवटी आमसूल, गूळ आणि ठेचलेली तिरफळं. नाव कशावरून पडलं ते शिजताना ऐकू येतं. हे आमच्याकडे चवथीचं जेवण. आजीचं पहिलं म्हणणं हेच होतं की चैत्रात खतखतं कोण करतं? आणि तेसुद्धा सोऱ्याबरोबर?

एकदा मी आजीला सांगितलं की तुझ्या ह्या सोवळ्यातल्या टोपात मिरची, भोपळा, रताळं, मका आणि काजूगर हे सगळे अमेरिका खंडातून आले, बहुतेक पोर्तुगिजांच्या जहाजांतून. काजू तर त्यांनी ब्राझीलहून सोळाव्या शतकात आणला, आणि पेडणे त्यांच्या हातात आलं ते 1788 मध्ये. आजीने दवला टोपाच्या काठावर आपटला आणि विचारलं, "मगे ह्येच्यात आमचा किते उरला?" मी म्हटलं, तिरफळ, सुरण, नारळ, आमसूल. "मगे पुरे," म्हणाली.

पहिला गट आला तेव्हा मला एवढी भीती वाटत होती की सुरणाला इंग्रजीत काय म्हणतात ते मी हातावर लिहून ठेवलं होतं. ते चौघे चांगले होते. आदोळीवर बसून नारळ खोवायचा त्यांनी प्रयत्न केला, एकाचं बोट कापलं, काकांनी त्यावर फेणी ओतली आणि तोच दिवसातला सगळ्यात आवडलेला प्रसंग ठरला. त्यांनी त्याचा व्हिडिओ काढला. काकांना स्वतःचा आवाज व्हिडिओत पहिल्यांदाच ऐकायला मिळाला. त्यानंतर प्रत्येक गटापुढे ते जरा मोठ्याने बोलायला लागले.

मांडवातला कार्यक्रम काकांचा, आणि तो ते खरंच सुंदर करतात, हे मला कबूल केलं पाहिजे. आधी कोळंबी दाखवायची, तिथं बोंडू पायांनी कसे मळतात ते. मळलेला चोथा बांधून त्यावर दगड ठेवला की रात्रभर थेंब थेंब गळतो तो निरो. पहिल्या ग्लासात तो. आमच्या गावात निरो पोरं पितात, मीही लहानपणी पोट दुखेपर्यंत प्यायलेय. मग पिंपात आंबलेला रस, त्याला हात लावायचा नाही, फक्त कान लावायचा, आतून चुरचुर ऐकू येते. मग भाण, खाली लाकडाची आग, वरून नळी पाण्याच्या टाकीतून जाते आणि पलीकडे लावणीत थेंब पडतो. पहिल्या धारेचा हुर्राक, हलका, मोसमापुरता. तो ठेवून टिकत नाही. लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून द्यायचा. तोच हुर्राक ताज्या रसाबरोबर पुन्हा भाणात गेला की फेणी. काका फेणी उंचावरून ओततात आणि वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते दाखवतात. ग्राव मोजायचं यंत्र घरात आहे, पण ते अबकारीवाल्यांसाठी. काकांचा विश्वास बुडबुड्यांवर. फेणी हे नाव फेसावरून आलं असं ते सांगतात.

आणि मग शेवटी ते मला सांगायला लावतात ते दोन आकडे. 2009 मध्ये गोव्याच्या फेणीला जीआय मिळालं, म्हणजे हे नाव दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या दारूला लावता येत नाही. आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. "सांग, सांग, हेरिटेज म्हण," असं काका बाजूने म्हणत असतात.

चुलीपाशी आई हे ऐकत असायची. मांडव आणि मागची पडवी ह्यांच्यामध्ये फक्त झापांचा आडोसा आहे.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. कॉलेजात माझी जी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे ती बार्देशची, ख्रिश्चन. तिच्या घरी गेलं की जेवणाच्या खोलीत काचेच्या कपाटात फेणीची बाटली उभी असते, बाजूला तिच्या पप्पांच्या पप्पांचा गाराफांव. तिची आजी सर्दी झाली की दोन चमचे घेते आणि आमच्यासमोर घेते. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाटी लागते, आमच्या घरावर कौलं चढली ती हुर्राकावर, पण बाटली मात्र कधी पुढच्या खोलीत आली नाही. मागच्या दाराने जायची आणि यायची. माझी आजीसुद्धा फेणी गुडघ्यांना चोळते, आणि कधी कधी झाकणभर घेतेही, पण दिवा मालवल्यावर. लहानपणी मला वाटायचं की हा दोन धर्मांतला फरक आहे. आता तसं वाटत नाही. आमच्या घरात लपवायला दुसरं कारण होतं.

तिसऱ्या गटात एक जपानी बाई होत्या. साठीच्या आसपास, केस पांढरे, एकट्याच फिरत होत्या. आधी शाळेत शिकवायच्या. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच हळू होतं, म्हणून आमचं छान जमलं. आईने तिरफळं ठेचली तसा वास सुटला, आणि त्या एकदम पुढं आल्या, दोन तिरफळं तळहातावर घेऊन हुंगली आणि म्हणाल्या, "सान्शो!" त्यांच्याकडे त्या नावाचं झाड असतं, त्याचीही फळं अशीच, जिभेला मुंग्या आणणारी. नंतर मी शोधून बघितलं. तिरफळ आणि सान्शो खरंच एकाच कुळातले, चुलत भावंडांसारखे. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा त्या बाईंकडे नीट बघितलं आणि एक तिरफळ फोडून आतली काळी बी काढून दाखवली, ही टाकायची. त्यांनी मान हलवली, त्यांच्याकडेही टाकतात.

मांडवात बसल्यावर त्यांनी साकेविषयी सांगितलं. साके तांदळाची. तांदूळ आधी घासून घासून बारीक करतात, वाफवतात, त्यावर कोजी नावाची बुरशी धरवतात, ती तांदळातल्या पिठाची साखर करते, आणि मग ती साखर आंबते. आपल्यासारखं भाण नाही, आग नाही, थेंब नाही. मोसमसुद्धा उलटा, त्यांचा हिवाळ्याचा. नवीन साके तयार झाली की भाटीच्या दारात सुगी नावाच्या झाडाच्या पानांचा मोठा हिरवा गोळा टांगतात. महिन्यांनी तो वाळून तपकिरी होतो, म्हणजे आता साके मुरली. काकांना हे फार आवडलं. "आमका गोळो नको, आमचो वास पुरो," म्हणाले, आणि मी त्याचं भाषांतर केल्यावर बाई खूप हसल्या. मग काकांनी कडकपणा विचारला. त्या म्हणाल्या, पंधराच्या आसपास. काकांनी बाटलीवरचा 42.8 हा आकडा बोटाने दाखवला. बिचारे एवढे खूश झाले की जणू जपानशी मॅच जिंकली.

जेवायला बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, खतखतं बघून मला नाबे आठवतं. थंडीत घरातली सगळी माणसं एका टोपाभोवती बसतात, टोप मध्ये, खाली लहान शेगडी. शिजता शिजता त्यातूनच घ्यायचं, संपत आलं की उरलेल्या रसात भात घालायचा. आणि साके पिताना स्वतःची वाटी स्वतः भरायची नाही. शेजारच्याने आपली भरायची, आपण शेजारच्याची.

हे सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं असावं की इतका वेळ सगळं रांधणारी बाई बसलेलीच नाही. त्या उठल्या. लहान ग्लास आणि हुर्राकाची बाटली घेतली आणि आडोशापलीकडे चुलीपाशी गेल्या. बाटली दोन्ही हातांनी धरून आईसमोर थोड्या वाकल्या. म्हणजे, तुमचा ग्लास मी भरते.

आईच्या हातात दवला होता. तिने तो टोपात तसाच सोडला. बाटलीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तिका सांग," म्हणाली, "माजो भाव ह्येच्यातच गेलो."

मी इंग्रजीत सांगितलं की आईला चालत नाही. आमच्याकडे बायका पीत नाहीत.

बाईंनी दोनदा माफी मागितली आणि परत जाऊन बसल्या. पाच मिनिटांनी सगळे पुन्हा हसत होते. काका त्यांना दोडामार्गाच्या नाक्याची एक गोष्ट सांगत होते, ती मी भाषांतर करत होते.

माझा मामा. आईचं माहेर डिचोली तालुक्यात, मयेच्या बाजूला. तळ्याकाठी पर्यटक फोटो काढतात ते मये. त्याच्या आसपासच्या गावांतून खनिजाचे ट्रक जायचे, मांडवीच्या जेटीपर्यंत, तिथून बार्जी. लहानपणी मामाकडे गेलं की पायऱ्या, तुळस, केळीची पानं, सगळ्यावर तांबडी धूळ. मामाने कर्ज काढून ट्रक घेतला होता. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. तेव्हा मी पहिलीत-दुसरीत असेन. मला आठवतो तो आंब्याखाली उभा असलेला ट्रक, आणि चाकांच्या मधून वर आलेलं गवत. आम्ही पोरं त्याच्या केबिनमध्ये बसून खेळायचो. मामा ओसरीवर बसून आमच्याकडे बघायचा आणि हाक मारायचा नाही.

नंतर काजूच्या दिवसांत तो आमच्याकडे यायला लागला, काकांच्या भाटीवर बोंडू मळायला. मला तर मजाच होती. तो मला निरो गाळून द्यायचा, वर फडकं बांधून, मुंगी येऊ नये म्हणून. मोसम संपला की परत जायचा. 2016 मध्ये गेला. पोटात पाणी झालं होतं. वय अडतीस.

त्या दिवसापासून आई मांडवात पाऊल टाकत नाही. विहिरीवरून घरी यायची जवळची वाट भाटीपाशी येते, ती सोडून ती कळशी घेऊन वरच्या कुळागरातून वळसा घालून येते. आणि मी मात्र प्रत्येक गटापुढे उभी राहून, आडोशापलीकडे तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, टू थाउजंड सिक्स्टीन, हेरिटेज.

त्या रात्री भांडी घासताना ती म्हणाली, "तू तिका सांगलस नाय."

"किते?"

"ब्रदर म्हणजे भाव, इतक्या माका कळता. तुज्या तोंडातसून ब्रदर इलो नाय."

मी म्हटलं, ती पाहुणी होती, पैसे देऊन चव घ्यायला आली होती, तिला कशाला... आईने टोप उपडा घातला. "तिरफळाची बी खय टाकूची ता सांगलस. सुरण खाजता कित्याक ता सांगलस. ह्या सांगूक किते जाला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. खरं तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मला तो दिवस बिघडवायचा नव्हता. जपानी बाईंना आमचं घर आवडलं होतं, आणि त्यांना ते तसंच आवडलेलं मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. का गेले ते मला सांगता येत नाही, बहुधा कुणीतरी दोषी मिळावा म्हणून. काकांचं म्हणणं ठरलेलं आहे आणि ते खोटं नाही. मामा फेणीने गेला नाही. तो बाकीचे दहा महिने आपल्या गावच्या बारात जी स्वस्तातली व्हिस्की प्यायचा तिने गेला. फेणी आमच्या पणज्याने केली, तिच्यावर घरं उभी राहिली, तिला कशाला बोल? हे सगळं ते बोलले, भाणाला माती लिंपता लिंपता. मग बराच वेळ गप्प. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की मजुरी मी त्याला अर्धी पैशांत देत होतो आणि अर्धी बाटलीत. "तेनाच मागली तशी. मी दिली."

हे आईला माहीत आहे का, असं मी विचारलं नाही. आता वाटतं, माहीत असावं. वाट वाकडी करून जाणं हे काही नुसत्या वासासाठी नसतं.

पुढचा गट यायच्या आधी आईने दोन गोष्टी बदलल्या, कुणाला न विचारता, जसं तिला कुणी विचारलं नव्हतं. एक, आधी जेवण, मग मांडव. भरल्या पोटी चव घ्या. काकांनी कुरकुर केली, पोट भरल्यावर कोण पिणार? आई म्हणाली, "म्हणानच." दुसरं, बाटली मांडवातून बाहेर येणार नाही.

त्या गटात एक जोडपं होतं आणि त्यांचे दोन मित्र. जेवण झालं, ते मांडवाकडे जायला उठले, तेव्हा आईने पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "आता तेंका सांग." मी सांगितलं. ब्रदर म्हटलं, ट्रक म्हटलं, खाण बंद झाली म्हटलं, किती वर्षांचा होता ते म्हटलं. माझं इंग्रजी तेवढ्या चार वाक्यांत दोनदा चुकलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, शब्द मोजत असल्यासारखी.

कुणी काही बोललं नाही. मग जोडप्यातल्या बाईने त्याचं नाव विचारलं. आईने सांगितलं. इतक्या वर्षांत ते नाव मी तिच्या तोंडून मोठ्याने ऐकलं नव्हतं. ती बाई ते दोनदा चुकीचं उच्चारली, तिसऱ्यांदा बरोबर. त्यानंतर चौघे मांडवात गेले. एकाने फक्त निरो घेतला, बाकीच्यांनी तिन्ही. काकांनी ग्लास नेहमीपेक्षा कमी भरले, आणि 2009 सांगून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, पुरे, आता बुडबुडे दाखवूया.

सगळं छान झालं असं मात्र नाही. आतेभाव नाराज झाला. "लोक मजा करूंक येतत गो, तू तेंका मर्तिकाचा सांगतंस." त्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. सहाव्या गटातले दोघे तर आईचं बोलणं चालू असतानाच फोन बघत राहिले. तेव्हा मला आईचा राग आला, त्या दोघांचा नाही. तिने कुणापुढेही ते उघडं का करावं? मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "आयकूचा नाय तर नाय. मी सांगतय."

मेच्या शेवटी पाऊस आला आणि मोसम संपला. पावणीचे पैसे सुटले, वर थोडे उरले. काकांनी आईला त्यातले तिच्या मेहनतीचे म्हणून दिले, पाकिटात घालून, सगळे पैशांत. आईने ते मोजून घेतले.

ऑगस्टमध्ये, चवथीच्या तयारीत आम्ही असताना, जपानहून पाकीट आलं. आत सान्शोच्या झाडाचा फोटो, काटेरी फांदी, बारीक हिरवी फळं. खाली बाईंच्या अक्षरात इंग्रजीत दोन ओळी, आईला नमस्कार, आणि एक प्रश्न, ह्या फळाला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते मी विसरले, लिहून पाठवशील का? आईने फोटो देवखोलीच्या दाराला लावला. आजीने विचारलं, ही कोणाची तिरफळं?

उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले. तिरफळ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिणं सोपं होतं. त्याच्याखाली जे लिहायचं होतं ते चार वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. शेवटी लिहिलं, की त्या दिवशी चुलीपाशी आई जे म्हणाली ते मी तुम्हाला सांगितलं नाही. ती असं म्हणाली होती. आणि मग ते वाक्य, आधी पेडण्याच्या बोलीत देवनागरीत, खाली इंग्रजीत.

चवथ झाल्यावर आम्ही दोघी पेडण्याच्या बाजारात गेलो. आई पोस्टाच्या पायरीवर पिशवी घेऊन उभी राहिली, मी आत जाऊन पाकिटाचं वजन केलं, तिकिटं लावली.

"ब्रदर बरयलंस?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"बरयलंय."

"कितके पडले?"

मी आकडा सांगितला. महाग आहे, म्हणाली. मग आम्ही रताळी घेतली आणि दुपारची बस पकडली.